खणण्याजोगा आवाज

"आधी तिला बोलू दे," काका म्हणायचे आणि एक बोट वर करायचे. ते बोट वर गेलं की समोरच्यानं गप्प बसायचं, मग तो कुणीही असो. ती म्हणजे त्यांचा मेटल डिटेक्टर. लांब दांडीच्या टोकाला थाळीएवढी तबकडी, हाताशी छोटा पडदा आणि काकांच्या कानांवर मोठ्ठे हेडफोन. काका त्याला कधी डिटेक्टर म्हणाले नाहीत. मशीन म्हणायचे, किंवा नुसतं 'ती'.

ते आमच्या ऑफिसात एस्टिमेशनचे प्रमुख होते, मूळचे दापोलीकडच्या एका गावचे. अख्खं ऑफिस त्यांना सर म्हणे. मी पुण्याहून इथे आखातात नवीन आले होते आणि लिफ्टमध्ये फोनवर बहिणीशी तावातावानं भांडत होते. मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "भांडण चांगलं चाललंय, पण तुझा मजला गेला." त्या दिवसापासून ते माझे काका झाले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला माणसांचं सोयीनुसार ऐकू येतं. मीटिंगमध्ये कुणी अवघड प्रश्न विचारला की काका "हां?" करत. तो माणूस कंटाळून प्रश्न सोडून देई. घरी काकींचीही तीच गत. "त्या मशीनचं ऐकतात त्याच्या अर्धं माझं ऐकलं असतं," काकी म्हणायच्या, "तर आमचा फ्रीज केव्हाच बदलून झाला असता." पण वाळूत वीतभर खाली पडलेलं नाणं काय म्हणतंय ते काकांना बरोबर कळायचं.

मीच त्यांच्या मागे लागले, मला शिकवा म्हणून. हिवाळ्यातले सुट्टीचे शुक्रवार होते. सकाळी आम्ही शहराबाहेर वक्राच्या किनाऱ्यावर जायचो. त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. जुनी ओस पडलेली कोळ्यांची गावं, किल्ल्यांचे अवशेष, असल्या जागी मशीन गाडीबाहेर काढायची नाही. "जुनं ते सरकारचं," ते म्हणायचे. "आपलं राज्य पिकनिकच्या वाळूपुरतं."

वाजलं की खणायचं, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्या सकाळी मशीन सारखी वाजत राहिली आणि मी सारखी खणत राहिले. बाटल्यांची झाकणं निघाली. कबाबच्या सळया निघाल्या. तंबूचा खिळा निघाला. आणि शीशा, म्हणजे हुक्का, ओढणाऱ्यांनी टाकलेला फॉइल तर किती निघाला म्हणून सांगू. कंबर धरून मी वळून पाहिलं तर काका घडीच्या खुर्चीत बसून शेव खात होते.

"तुम्ही काही सांगत का नाही?"

"सांगतो की. पण किनारा साफ होतोय, म्हटलं होऊ दे."

मग एकेक करून त्यांनी आवाज ओळखायला शिकवले. लोखंड घोगरं बोलतं, झोपेतून उठवल्यासारखं. नाणं स्वच्छ आणि उंच बोलतं. झाकण उंच बोलतं पण ठाम नसतं, पडद्यावरचा आकडा उड्या मारतो. ओल्या वाळूतलं मीठ तर काही नसतानाही बडबडतं. तिथं मशीनचा कान थोडा कमी करायचा. आणि सोनं? मी आशेनं विचारलं.

"सोनं आणि कोकच्या डब्याची कडी, दोघांचा आवाज एकच," काका म्हणाले. "कडी म्हणून सोडून द्यायचं नाही. म्हणून सोनं पाहिजे असलं तर कड्या खणाव्या लागतात."

नवशिक्यासाठी त्यांची कसोटी सोपी होती. आवाज आला की त्याच जागेवरून मशीन आडवी फिरवायची, मग पाव वळसा घेऊन उभी फिरवायची. दोन्हीकडून तोच आवाज, तीच जागा, तर खणायचं. "इकडून एक बोलते आणि तिकडून भलतंच बोलते, अशा बाईसाठी आपण वाकायचं नाही."

"बाईच का, काका?"

त्यांनी थोडा विचार केला. "बरं, पुरुषासाठी पण नाही."

मुंतझा भागातल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत परीक्षा व्हायची. फरशीतल्या सळया वाजतात म्हणून मशीन उंच प्लॅस्टिकच्या स्टुलावर आडवी ठेवलेली. मी डोळे मिटून बसायची आणि काका तबकडीवरून एकेक वस्तू फिरवायचे. किल्ली, नाणं, काकींचं कानातलं, कडी. एकदा मी छातीठोकपणे "सोनं" म्हटलं आणि डोळे उघडले, तर काकांच्या हातात शेवेच्या पाकिटाचा तुकडा. स्वयंपाकघरातून काकी म्हणाल्या, "आणि माझं कानातलं फॉइल म्हणाली ती. परत द्या बघू ते इकडे."

जानेवारीत माझ्या सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या. सासरे जाऊन काही वर्षं झाली होती. बिन महमूद भागातल्या आमच्या घरात त्या सकाळ-संध्याकाळ मोजे घालून वावरत. एसी सोसत नसेल, असं मी धरून चालले होते. एका शुक्रवारी आम्ही त्यांनाही किनाऱ्यावर नेलं. समुद्र पाहून त्या एकदम लहान झाल्या. आमच्याकडे पाठ करून त्यांनी मोजे काढले, पार पाण्यापाशी जाऊन ओल्या वाळूत बसल्या आणि बराच वेळ पाय खेळवत राहिल्या.

परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. उपम्याची बशी तशीच ठेवून त्या चटईजवळची वाळू बोटांनी चाळायला लागल्या. माझा नवरा शेजारी आडवा होऊन फोनवर मॅच बघत होता. त्यानं विचारलं, "काय गं आई?" त्या म्हणाल्या, "काही नाही, शिंपले बघत्येय."

मग त्या उठून आमच्याकडे आल्या. काका हेडफोन लावून उभे होते, मी हातात जाळीचं फावडं घेऊन.

"तुमचं हे यंत्र चांदीला वाजतं का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

शेजारी उभं राहून हाक मारली तरी न वळणारे काका वळले. हेडफोन गळ्यात आले.

"वाजतं, ताई. काय पडलं?"

"पडलं नाही काही. सहज विचारलं."

"लहान की मोठं?"

"लहान."

"बंद गोल, की तोंड उघडं?"

आईंनी माझ्याकडे चोरून पाहिलं. "उघडं."

काकांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं नाही. "कुठं बसला होतात ते नुसतं दाखवा," एवढंच म्हणाले.

पाणी चढायला लागलं होतं. तिथला किनारा सपाट आहे, त्यामुळे भरतीचा आवाज होत नाही. बघता बघता बसायची जागा पाण्यात जाते. काकांनी टाचेनं वाळूत रेघा मारून पट्टे पाडले आणि मशीन माझ्या हातात दिली.

"तुझे कान तरुण आहेत. पण आतापर्यंत शिकवलेलं विसर गो," ते म्हणाले. "बंद अंगठी गाते. तोंड उघडं असलं की नुसती पुटपुटते. दोन्हीकडून बोलते का ते बघत बसू नकोस. जरा कुरकुरली तरी खण."

मी पट्ट्यापट्ट्यानं फिरवत गेले. फॉइल. फॉइल. कडी. परत फॉइल. आई शेजारून चालत होत्या, दोन्ही हात पदरात घट्ट धरून. पलीकडचा पट्टा एव्हाना पाण्याखाली गेला होता. तेवढ्यात नवरा चटईवरून उठून आला.

"काय शोधताय एवढं?"

"तुझ्या बायकोची परीक्षा चालली आहे," काका म्हणाले. "चालू पेपरात बोलायचं नसतं. यल्ला, चल, चहा बघ जा."

तो हसत गेला. शेवटच्या पट्ट्यात एका बाजूनं जरा खरखर झाली. वळून उभी फिरवली तर काहीच नाही. एरवी अशा आवाजासाठी मी पाऊलही थांबवलं नसतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पाणी घोट्याशी आलं होतं. फावडं खुपसून उचललं, हलवलं, वाळू गळून गेली आणि जाळीत उरलं एक जोडवं. झिजून पातळ झालेलं, वरची नक्षी जवळजवळ पुसलेली.

आई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "सगळ्यांसमोर काढून ठेवली होती. पण पाय परके वाटायला लागले गं. जमिनीवर ठरेचनात. मग कपाटातून काढून परत घातली. कुणाला सांगितलं नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस."

मी जोडवं समुद्राच्या पाण्यात धुतलं. खाली बसले, त्यांचा उजवा पाय माझ्या गुडघ्यावर घेतला आणि बोटात घातलं. सैल होतं, म्हणून चिमटीत धरून जरा दाबलं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला तो आधारासाठी की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही.

काकांनी मशीन परत घेतली होती. आमच्याकडे पाठ करून, हेडफोन लावून ते अगदी मन लावून वाळू तपासत होते. जवळ गेल्यावर मी पडद्याकडे पाहिलं. मशीन बंद होती.

नवरा चहाचे कप घेऊन आला. "मग, काय मिळालं?"

"फॉइल," काका म्हणाले. "तुझी बायको नापास. पुढच्या शुक्रवारी परत बसवू या."

त्याबद्दल काका माझ्याशी कधीही बोलले नाहीत. काकींनाही त्यांनी सांगितलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. संक्रांतीला आईंनी तिळाच्या वड्या करून मुंतझाला नेल्या आणि काकांच्या हातावर ठेवत म्हणाल्या, "गोड बोला." काकी लगेच म्हणाल्या, "गोड राहू दे ताई, नुसते बोलले तरी चालेल." साखरेच्या दुखण्यामुळे काकांना एकच वडी खायची परवानगी होती. काकी पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात त्यांनी चार खाल्ल्या.

परत जायच्या आदल्या दिवशी आई सोफ्यावर पाय वर घेऊन अनवाणी बसल्या होत्या. नवरा समोर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानं एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग उठला आणि एसी बंद करून परत कामाला लागला.

गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन गावी गेले. मशीन त्यांनी बरोबर नेली नाही, नव्यानं शिकणाऱ्या एका केरळी जोडप्याला दिली. मला वाईट वाटलं हे ओळखून म्हणाले, "तुझी तू घे. दुसऱ्याच्या मशीनची भाषा लागत नाही." गावी एवढा समुद्र आहे तर तिकडे काय करणार, असं मी विचारलं. "तिकडे कुणाचं काय हरवलंय ते सगळ्या गावाला माहीत असतं," ते म्हणाले. "मशीन काय करायची?"

आता माझी स्वतःची मशीन आहे. परवा वक्राला एक आवाज असा आला की मला काही कळेना. मी हेडफोनची पिन काढली, काकांना फोन लावला आणि फोन मशीनजवळ धरला. तिकडे कावळे ओरडत होते, कुणीतरी नारळ सोलत होतं.

"परत फिरव," काका म्हणाले. मी फिरवली.

"आता डावीकडून." फिरवली.

मग म्हणाले, "मला पण नाही कळत गो. खणून बघ." मी फोन वाळूत ठेवून खणायला लागले आणि काका तिकडून विचारत राहिले, "आलं काय? आलं काय?"