पौडच्या गॅरेजमधले पाच तास

मंगळवारी सकाळी महाळुंग्याच्या शोरूममध्ये अडीच तास बसले. गाडी सर्व्हिसिंगला द्यायची होती, मुलाला ऑफिस होतं, म्हणून ड्रायव्हरबरोबर मीच गेले.

सोय उत्तम, हे आधी सांगते. गेल्या वेळी हिंजवडीकडच्या एका शोरूममध्ये गेले होते... तिथे एसी हाडं गोठवणारा, टीव्हीचा ठणाणा, आणि गाडी कधी मिळणार याची तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. इथे तसं नाही. खुर्च्या पाठीला बऱ्या, बाथरूम स्वच्छ, आणि गाडीचं काम कुठवर आलंय ते भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसतं.

फक्त वर्कशॉपच्या दारावर 'ग्राहकांना आत प्रवेश नाही' अशी पाटी. आम्ही आठ-दहा जण होतो, प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये. अडीच तासांत कुणी कुणाशी बोललं नाही... मीही नाही.

आणि मला पौड आठवलं. खरं सांगायचं तर अण्णा आठवले.

साठ-बासष्ट सालची गोष्ट असेल. अण्णा, म्हणजे माझे वडील, पौडला डॉक्टर होते. आई लवकर गेली, घरात आम्ही दोघंच. आसपासच्या गावांत व्हिजिटला जायला त्यांनी एक जुनी मोटार घेतली होती, आणि ती महिन्यातून दोनदा तरी म्हादू मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी असायची.

तिथला वेटिंग एरिया म्हणजे ट्रकची एक उसवलेली सीट. पण तिच्यावर बसायला फारसं मिळायचं नाही, कारण मिस्त्रींचा नियम होता... ज्याची गाडी, त्यानं हात लावायचा. कुणी जॅक धरायचा, कुणी रॉकेलमध्ये नट धुवायचे. अख्खा तालुका ज्यांचं ऐकायचा, ते अण्णा तिथे निमूटपणे मिस्त्रींचं ऐकायचे.

त्या दिवशी आम्हाला पुण्याला जायचं होतं. मला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. होस्टेलची जागा मात्र संध्याकाळी पाचच्या आत वडिलांनी सही करून पक्की करायची होती, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. आणि पौडहून रोज जाऊन-येऊन शिकणं तेव्हा शक्यच नव्हतं.

गावाबाहेर पडलो आणि ब्रेकचं पेडल पार खालपर्यंत गेलं. पुढे पिरंगुटचा घाट... अण्णांनी गाडी हळूहळू मागे वळवून शेडमध्ये आणली. साडेनऊ वाजले होते.

ब्रेकच्या पाइपात हवा शिरली होती. ती काढायची तर एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन, स्क्रू सैल करून हवा सोडायची. अण्णा आत बसले, मिस्त्री खाली आडवे झाले.

"दाबा... धरा... आवं, धरा म्हंतोय न्हवं! पाय कशापायी उचलला?"

"चुकलं," अण्णा म्हणाले.

"इंजेक्शान देताना असंच मधीच सोडताय व्हय?"

मी हसले, अण्णाही हसले. चारही चाकं होईपर्यंत अकरा वाजले.

आता निघणार म्हणून मी गाडीत जाऊन बसले. तर अण्णा म्हणाले, "मिस्त्री, क्लचही बघून घ्या जरा."

"क्लच ब्येस हाय."

"मग ते मागचं डावं चाक... त्याचा आवाज येतो."

मिस्त्रींनी चाक काढलं, बघितलं, परत बसवलं. मग रेडिएटर. मग फॅनचा पट्टा. बारा वाजले, एक वाजला... मी पुन्हा पुन्हा अण्णांच्या मनगटावरचं घड्याळ बघत होते. यांना मला शिकवायचंच नाही, अशी माझी खात्री होत चालली होती. एकुलत्या एका मुलीला बाहेर कशाला ठेवता, असं गावात सगळे त्यांना सांगतच होते.

अडीच वाजता अण्णांनी हॉर्न तपासायला सांगितला. तेव्हा मिस्त्री फडक्याला हात पुसत त्यांच्यासमोर उभे राहिले.

"डाक्टर, गाडीला आता काय बी झालेलं न्हाई. लेकीला सोडून यायचं तुमच्या जिवावर आलंय. त्याला माझ्याकडं पाना न्हाई."

अण्णा चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मग एवढंच म्हणाले, "चल कुसुम, निघू या."

साडेचारला त्यांनी सही केली. जागा मिळाली, मी शिकले, पुढे तीस वर्षं शिकवलंही. म्हादू मिस्त्रींचे आभार मी कधी मानले नाहीत... ते आज इथे मानते.

पण मंगळवारी तिथे बसल्या बसल्या मला सारखं आठवत राहिलं ते त्यानंतरचं. होस्टेलच्या फाटकाशी अण्णा गाडीत बसले, उतरले, परत बसले. म्हणाले, "डेक्कनपर्यंत एक चक्कर मारायची का? ब्रेक कसे लागतात, बघू."

मी अठरा वर्षांची होते, आणि दिवसभराचा राग डोक्यात होता. म्हटलं, "ब्रेक चांगले आहेत, अण्णा. उजेड आहे तोवर निघा तुम्ही."

ते निघाले. ब्रेक चांगलेच होते... तरी त्या संध्याकाळी मी शेजारी जाऊन बसायला हवं होतं.