तळाशी उरलेलं विरजण

रिसायकलिंगचं कार्ट, म्हणजे चाकं असलेला तो उंच कचऱ्याचा डबा, गॅरेजसमोर आडवं करून मी त्यात कंबरेपर्यंत शिरले होते. दह्याचा डबा सापडला. तो स्वच्छ धुतलेला होता.

नवरा मागे उभा होता. "अगं, तळाशी चमचाभरच तर उरलं होतं."

"तेच विरजण होतं."

गेल्या आठवड्यात आमचं कार्ट उचललंच नाही. डबे खरकटे आहेत, अशी चिठ्ठी चिकटवून ट्रक निघून गेला. म्हणून आज त्याने सगळे डबे साबणाने धुतले. नियमाप्रमाणे त्याचं बरोबर आहे. मला भांडताही येत नाही.

सोळा वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा इथे अमेरिकेत, ट्रॉयला आली, तेव्हा दह्यात भिजवून वाळवलेला रुमाल पर्समध्ये घेऊन आली होती. त्याच विरजणाने मी आजवर दही लावत आले. आई जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या हातचं घरात एवढंच होतं.

झाकणं रिसायकलिंगमध्ये चालत नाहीत, म्हणून झाकण न धुता कचऱ्यात गेलं होतं. त्याच्या कडेचं वाळलेलं दही खरवडून मी कोमट दुधात घातलं.

"लागेल," तो म्हणाला. "आईंचं आहे."

ग्रुपवरच्या मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी माझ्याकडून विरजण नेलंय. कुणाकडे अजून चालू आहे का? एक चमचा पुरे. कितीही लांब असलात तरी मी ड्राइव्ह करून येते.

सकाळी: सगळ्यांचे मेसेज आले. कुणाकडेच राहिलेलं नाही. दही लागलं नाही. त्या दुधाचा चहा केला आणि दोघांनी घेतला.