गुरुवार तेवढा माझा

आमच्या या थेरगाव-चाकण पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना रविवारी नाही, गुरुवारी सुट्टी असते. सुट्टी असूनही मटण नाही, कारण निम्म्या घरांत गुरुवार पाळतात. लोक यावर हसतात. मला मात्र गुरुवार म्हटलं की अजून तिडीक येते.

थेरगावातल्या एका निवारागृहात मी समुपदेशक आहे. फसवून विकलेल्या आणि नंतर सोडवून आणलेल्या मुली तिथे राहतात. त्यांच्यातलीच ही एक, मराठवाड्यातली. सख्ख्या मावशीने "चाकणला कंपनीत लावते" म्हणून तिला गाडीत बसवलं आणि भलतीकडेच नेऊन विकलं. सुटकेनंतर आमच्या लोकांनी तिला मोठ्या हौसेने नोकरी शोधली. कुठे? चाकणला, कंपनीत. यात काही वावगं आहे असं एकाच्याही मनात आलं नाही.

कंपनीची बस डांगे चौकातून सुटायची. ही वेळेवर थांब्यावर जायची, डबा छातीशी धरून उभी राहायची आणि कधीकधी बस निघून गेली की तशीच परत यायची. विचारलं तर म्हणायची, "चुकली." अधीक्षक मॅडमनी सांगून टाकलं होतं, "खाडे असेच चालू राहिले तर हिला गावी पाठवू." गावी शेजारच्याच घरात ती मावशी राहत होती.

म्हणजे तिच्याशी बोलणं तातडीचं होतं आणि तिला मोकळा दिवस एकच, गुरुवार. पण गुरुवारी कारखान्यांतल्या साहेबलोकांनाही सुट्टी. मग कुणाच्या मुलीचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी, असं निमित्त काढून निवारागृहात गाड्या भरभरून देणगीदार पाहुणे यायचे. माझ्या समुपदेशनाच्या खोलीत केक कापला जायचा. मुली ओळीने बसून टाळ्या वाजवायच्या.

"मॅडम, मला गुरुवारी खोली हवी," मी कितीदा म्हटलं असेल.

"अहो, नोकरी लागलीय तिला. आता काय बोलायचं राहिलंय? आणि पाहुण्यांना नाही म्हणता येतं का?"

मी हात टेकले होते. वाटायचं, खोकला असता तर औषध दिलं असतं यांनी. मनाचं दुखणं यांना नोकरी लागली की बरं झालेलं दिसतं.

एका गुरुवारी कुणीतरी ठरवलं की या कमावत्या मुलीचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, गुच्छ, सगळं आलं. एका सज्जन गृहस्थांनी तिच्या हातात माइक दिला. "घाबरू नको बेटा, मनातलं बोल."

तिने माइक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "साहेब, तुमी गुरुवारी येत नका जाऊ."

गृहस्थ हसून म्हणाले, "बरं, मग कधी येऊ?"

"कवाबी या. गुरुवारी मला ताईशी बोलायचं असतंय. तेवढा वार माझा ऱ्हाऊ द्या."

लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. नंतर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हे तुम्हीच शिकवलंत तिला." मी शिकवलं असतं तर मला अभिमानच वाटला असता, असं मी तोंडावर सांगितलं.

पुढच्या गुरुवारी पाहुणे आले नाहीत. मी आनंदाने वर गेले, तर खोलीला कुलूप. पाहुणेच नाहीत तर उघडायची कशाला, असा निरोप ठेवून मॅडम किल्लीसकट घरी गेल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोनवर मॅडमशी भांडत होते आणि ती मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती.

"ताई, ठिवा तो फोन," ती म्हणाली. "पुन्हा कुणीतरी येईल."

मी फोन ठेवला आणि तिच्याशेजारी बसले. तिने एकदा खाली फाटकाकडे पाहून घेतलं.

"बस चुकत न्हाई माझी," ती म्हणाली. "दार उघडतंय, डायवर बोलवतो बी. पर बसवरचं कंपनीचं नाव बघितलं की वाटतं, मावशी बी कंपनीच म्हणली व्हती."