दोन तास सांगितले होते

दोन तास. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं वर करून सांगितलं होतं. ह्यांच्या मूत्राशयातली कॅन्सरची गाठ खरवडून काढली होती. ती पुन्हा उगवू नये म्हणून दर आठवड्याला नळीने आत औषध सोडायचं, दोन तास धरायचं आणि मग लघवी करून टाकायची. मी घड्याळ घेऊन उशाशी बसायचे, आता डावी कूस, आता उजवी.

तिसऱ्या आठवड्याला दोन तास झाले तरी हे उठेनात. "उठा की!" म्हटलं, तर म्हणाले, "भोसरीला मशीनवर आठ आठ तास धरलीय मी. बदली माणूस कधी मागितला न्हाई. औषध जितकं आत ऱ्हाईल तितका गुण जास्त." अस्सा राग आला मला! जन्मभर कंपनीत लघवी दाबली, त्याचीही फुशारकी! पाच तास धरली त्या दिवशी. पुढच्या आठवड्यालाही तेच. बाईंना सांगायचं नाही म्हणून मला दम दिला, आणि मी मूर्खासारखी गप्प बसले.

मग औषध जास्त वेळ आत राहून मूत्राशय आतून सोललं; थंडीताप भरला, लघवीतून रक्त पडायला लागलं. औषध बंद करावं लागलं. पुढच्या तपासणीत गाठ परत आलेली, या खेपेला पार स्नायूत शिरलेली. आता मूत्राशयच काढायचं आणि पोटाला लघवीची पिशवी लावायची. "चौऱ्याहत्तर वय असलं तरी हृदय चांगलं आहे, किडनी चांगली आहे. झेपेल त्यांना," बाई म्हणाल्या.

आमचा मुलगा चाकणला सुपरवायझर. तो लगेच बोलला, "या वयात कशाला कापाकापी?" ह्यांनी तेच धरून ठेवलं. मी मुलाला तिथंच म्हटलं, "तू गप ऱ्हा."

घरी खोदून खोदून विचारलं तेव्हा खरं कारण बाहेर पडलं. "देवळासमोर चारचौघांत बसतो मी. वास आला म्हंजी?"

"मी बदलीन की पिशवी! पोरांचं हागमूत काढलं, ह्याचं काय एवढं?"

"न्हाई म्हटलं ना."

किरणांचे शेक घेतले, तेही अर्ध्यावर सोडले. आठ महिन्यांत गेले. देवळासमोरचे चारचौघे आले, तेराव्याला जेवले आणि आपापल्या घरी गेले. त्यांच्यापुढं लाज वाटली ह्या माणसाला. मी मागं एकटी राहीन, हे एकदासुद्धा मनात आलं नाही. मला अजून राग येतो ह्यांचा.