त्याला हाक मारायची कशी?

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. कुत्र्यांचं सगळ्यात साधं नाव असतं तेच; शिंपल्यात सापडतं, नथीत जडवतात, ते. त्याच्यापुढे देवाचं नाव जोडलं की आमच्या ह्यांचं नाव होतं. सगळी पंचाईत तिथेच होती.

नाव ठेवलं होतं मीच, लग्नाच्या कितीतरी आधी. आम्ही तेव्हा भोरला राहत होतो आणि वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. भाटघरच्या धरणावर एका साहेबाचा बंगला होता. त्याच्या मडमेच्या बुटक्या, लांब केसांच्या कुत्रीनं गावातल्या कुठल्याशा गावठी कुत्र्याशी सूत जमवलं. मडम संतापली आणि पिल्लं दिसेल त्याला वाटून मोकळी झाली. त्यातलं एक वडील कोटाच्या खिशात घालून घरी घेऊन आले. उंची आईची, शेपूट बापाची, एक कान उभा आणि एक पडलेला. ना धड साहेबाचा, ना धड गावाचा, म्हणून तो माझा झाला. दिवसातून शंभरदा मी त्याला नावानं हाक मारायची आणि शंभरदा तो धावत यायचा.

मग स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, निर्व्यसनी, वेल्ह्याकडच्या एका खेड्यात नेमणूक. मध्यस्थानं ओसरीवर बसून मुलाचं नाव सांगितलं, आणि नेमकी त्याच वेळी मी परसातून कुत्र्याला हाक मारली. आई पदर तोंडाला लावून मागच्या दारी आली. “अगं, हळू! आता ते नाव घेऊ नकोस,” ती म्हणाली, आणि तिला पुढे हसूच आवरेना. मला मात्र रडू आलं. नवरा कसा असेल याची काळजी नंतर वाटली. आधी वाटलं, आता याला हाक मारायची कशी?

सासरी पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर कुत्राच गेला. बैलगाडीत माझ्या मांडीवर बसून त्यानं नसरापूर पाहिलं, मग ओढे पाहिले, मग डोंगर. त्या गावाची आठवण आली की आजही मला सगळं ओलं आणि अर्धवट दिसतं. पावसाळ्यात ढग डोंगरावरून उतरायचे आणि पुढच्या दारानं सरळ घरात यायचे. चुलीचा धूर आणि ढग एकमेकांत मिसळायचे, आणि कुठला कुठला ते कळायचं नाही. शाळेतले पाढे त्या पांढऱ्यातून ऐकू यायचे, जवळून की लांबून तेही समजायचं नाही. दुपारी मी दारात बसले की वाटायचं, आपण जागे आहोत की भोरच्या घरी झोपून हे बघतोय?

त्या सगळ्यात कुत्र्याचं करण्यात माझा जीव रमायचा. माझी एक दात पडलेली लाकडी फणी मी त्यालाच देऊन टाकली होती. रोज दुपारी त्याला पुढ्यात घ्यायचं आणि पोटाखालच्या केसांतली कुसळं, आघाड्याचे दाणे एकेक करून सोडवायचे. कानामागच्या गोचिडी काढून रॉकेलच्या वाटीत टाकायच्या. करंजाचं तेल चोळायचं. पावसात त्याच्या बोटांमध्ये चिखल्या व्हायच्या, अगदी भातलावणीच्या बायकांना होतात तशा, मग तेलात हळद कालवून बोट बोट करून लावायची. तो ती चाटून टाकायचा आणि पिवळ्या जिभेनं माझ्याकडे बघायचा. नाचणीची भाकरी ताकात कुस्करून दिली की घरभर मचमच आवाज. फणी फिरता फिरता त्याचे डोळे मिटायचे, माझेही मिटायचे.

नाव तेवढं घेता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मला कुणी बसून शिकवलं नव्हतं. विस्तव भाजतो हे जसं ठाऊक असतं तसं ते ठाऊक होतं. दुसरं नाव ठेवून पाहिलं, तर त्यानं कानसुद्धा हलवला नाही. शेवटी मी त्यालाही ‘अहो’ म्हणू लागले. “अहो, इकडे या, पाय पुसू द्या,” असं म्हटलं की कुत्रा आळस देत उठायचा, आणि आतल्या खोलीत हेही उठून उभे राहायचे. यांनाही त्याला नावानं हाक मारणं जमेना. “स्वतःलाच बोलावल्यासारखं वाटतं,” म्हणायचे, आणि शीळ घालायचे.

आम्ही दोघं तेव्हा एकमेकांशी फार बोलत नव्हतो. घरात तिसरं माणूस नव्हतं, तरी लाज होतीच. सगळं बोलणं कुत्र्यामार्फत चालायचं. “का रे, आज आमटीत मीठ घालायचं राहिलं वाटतं?” ते त्याला विचारायचे. “सांगा, वरून घ्यावं म्हणावं,” मी त्यालाच सांगायची. तो बिचारा एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. कधीकधी मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचा, मी काहीतरी विसरले आहे आणि आता मला आठवेल, अशा आशेनं. 

भादव्यातली ती संध्याकाळ. हे सकाळीच नसरापूरला गेले होते. त्याच आठवड्यात वाघरानं, म्हणजे बिबट्यानं, शेजारच्या गोठ्यातून वासरू नेलं होतं, म्हणून मी कुत्र्याला बांधून ठेवलं होतं. दिवेलागणीला पाहते तो दोरी कुरतडलेली. यांच्या वाटेवर जाऊन बसायची त्याला सवय होती. मी तशीच धावत गावाबाहेरच्या माळापर्यंत गेले. ढग गुडघ्यापर्यंत उतरले होते; गवत होतं आणि पुढे काहीच नव्हतं.

“अहो! अहो!” मी ओरडले. जवळ असला, मी दिसले, तरच तो त्या हाकेला यायचा. लांबून कधीच नाही.

शेजारची म्हातारी काठी टेकत मागून आली. वाघरानं नेलेलं वासरू तिचंच होतं. “मास्तरीणबाई, जनावर अहो म्हनून कुटं येतंय व्हय? नावानं हाक मारा की!”

“मास्तरांचंच नाव आहे हो ते.”

गावात यांना सगळे मास्तरच म्हणत. नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. म्हातारी मटकन खाली बसली. “आगं बया! मंग घ्या म्हनून न्हाई बाई मी म्हनायची. तुमचा धनी हाय त्यो.” मग म्हणाली, “मला सांगा, म्या मारते.” मी नथीतल्या दाण्यावर बोट ठेवून तिला दाखवलं. तिनं हाका मारल्या, पण तिचा आवाज दोन बांधांपलीकडे जाईना, आणि तो माझ्याशिवाय कुणाच्या आवाजाला येत नसे.

इतक्यात वरच्या रानात वानरं खाकरली. एकदा, मग पुन्हा, जवळ.

“वाघरू हाय,” म्हातारी पुटपुटली.

 एकीकडे माझ्या भोरच्या परसातला तो एवढासा जीव, आणि दुसरीकडे अजून वाटेत असलेला, माझी धड ओळखही न झालेला माणूस. त्याचं आयुष्य मी कशी कमी करू? ओठांनी नावाचा आकार केला, आवाज फुटेना. देवा, कमी करायचंच असेल तर माझं कर, असं मनात म्हणाले आणि डोळे मिटून हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. मग थांबताच येईना. वर्षभर गळ्यात अडकलेलं ते नाव मी त्या माळावर घसा फाटेपर्यंत ओरडत राहिले.

गवत सळसळलं. चिखलानं लडबडलेला, कान दोन्ही पडलेले, असा तो आला आणि सरळ माझ्या लुगड्याच्या ओच्यात तोंड खुपसून थरथरत राहिला. मी त्याला उचलून पदराखाली घेतलं. म्हातारीनं त्याच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

तेवढ्यात ढगातून, उताराच्या बाजूनं, आवाज आला.

“ओ! ओ! आलो, आलो!”

हे धावत चढ चढून आले. टोपी हातात, एक वहाण वाटेत कुठेतरी राहिलेली. धापा टाकत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घाबरलेले होते, आणि तरी तोंडभर असं काही होतं, जे मी त्यांच्या तोंडावर तोवर पाहिलं नव्हतं.

“काय झालं? तू... तू हाक मारलीस?”

पदराखाली कुत्रा वळवळत होता. मी त्याला आणखी घट्ट धरलं.

“मारली,” मी म्हटलं. “तुम्हालाच मारली.”