विहिरीत राहिलेला वीर

लहानपणी आमच्या सोलापुरात मुलांचं एक मासिक यायचं. त्यातल्या चित्रकथेत कंदील घेऊन फिरणारा एक किडकिडीत वीर होता. फारसा कुणाला ठाऊक नव्हता. एका अंकात दुष्टांनी त्याला विहिरीत ढकललं आणि नेमकं तेव्हाच मासिक बंद पडलं.

सगळ्या विहिरी खालून जोडलेल्या असतात, अशी माझी अक्कल! आमच्या विहिरीवर संध्याकाळचं पाणी भरलं की दोर वर ओढून खुंटीला टांगायची रीत. मी तो विहिरीतच सोडून यायची. दोर कुजला तशी आई कडाडली, "कोन चढून येनार हाय गं त्यावरनं? तुझा नवरा?"

मी येडी चक्क लाजले.

बाकीच्या चित्रकथांतल्या वीरांना त्यांच्या चित्रकारांनी सोडवलं, त्यांना मी विसरले. याला माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. अजून विहिरीजवळून जाताना मी आत उजेड दिसतो का बघते.

परवा नातवानं आमच्या विहिरीवर स्लॅब टाकायला माणसं आणली. मी त्यांना एक भोक ठेवायला लावलं.

"कशाला गं आजी?"

"पंपाच्या पायपाला."

पंप आमच्याकडे नाही. भोक किडकिडीत माणूस मावेल एवढं आहे.