फुलाआधीची शिकेकाई

चौऱ्याऐंशी साली, होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी, बाबा गेले.

तार मिळताच काका-काकू मुंबईहून एसटीने आले. काकांनी अंगणात पिशवी ठेवली, आधी रडून घेतलं आणि मग कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावर पसरलेल्या शिकेकाईकडे बोट केलं. "दारात ही काटेरी अवदसा ठेवल्यावर दुसरं काय होणार?" डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला होता. काकांचं निदान शिकेकाई.

बाबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. सात वर्षांपूर्वी त्यांनीच तिचं बी लावलं होतं. तिची एक काटेरी डहाळी दाबून, वाळवून कागदावर डकवली होती आणि शेजारी फुलासाठी जागा सोडली होती. फूल पाहिल्याशिवाय ओळख पक्की धरायची नाही, हा त्यांचा नियम. आमच्या नातेवाइकांना ही अडचण कधीच आली नाही. ते माणसाला पाठमोरं पाहूनही निकाल देत.

शिकेकाई बाभळीच्या कुळातली. पान चिंचेसारखं, चवीलाही आंबट. स्वतःच्या बळावर ती उभी राहत नाही. खोडावरचे चपटे काटे मागे वळलेले असतात. त्यांच्या आकड्यांनी ती शेजारच्या झाडावर चढते आणि आधार देणाऱ्यालाच ओरबाडते. एवढ्या लक्षणांवरून घरात जमलेल्या मंडळींचंही कूळ सांगता आलं असतं. पण मी गप्प राहिले, कारण त्या वर्षी तिला पहिल्यांदाच कळ्या आल्या होत्या. लालसर, मोहरीएवढ्या, गोंड्यात गच्च बसलेल्या. मला फक्त आठ दिवस हवे होते.

"काका, फुलं येईपर्यंत राहू द्या."

"फुलं? ती काय देवाला वाहणार आहेस गो बाय?"

"शेंगा धरेपर्यंत ठेवा हवं तर," काकू म्हणाली. "केसांना बरी."

"बाराव्याआधी जागा साफ झाली पाहिजे," म्हणत काका कोयती घेऊन स्वतःच वेलीत शिरले. आत शिरणाऱ्याला ते काटे अडवत नाहीत. परत फिरणाऱ्याला धरतात. काट्यांनी आधी काकांचं धोतर धरलं, मग सदरा, मग कान. कोयती हातातून खाली पडली.

"मागे ओढू नका काका, आणखी रुततील. पुढे सरका."

"पुढे गडगा आहे!"

"मग हलू नका."

"अगं, व्याख्यान काय देतेस? काप!"

मी कोयती उचलली आणि कापत गेले. ज्या फांद्यांनी काकांना धरलं होतं, कळ्या नेमक्या त्यांच्यावरच होत्या. अर्ध्या तासाने काका सुटले. उरलेली वेल गड्याने संध्याकाळपर्यंत मुळासकट खणून काढली. बाराव्याला काकांनी आल्यागेल्याला हळद लावलेला कान दाखवला. लोक हळहळले. बाबांसाठीही थोडे हळहळले.

एक डहाळी मी तांब्यात पाणी घालून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी कळ्या गळायला लागल्या, तेव्हा उरलेल्या दाबून घेतल्या आणि बाबांच्या त्याच कागदावर डकवल्या.

तो कागद माझ्याकडे आहे. पानं, काटे, कळ्या. फुलाची जागा मोकळी आहे.